काखमांजरीचं कूळ

काखेत गळू आलं की आपण ‘काखमांजरी झाली’ म्हणतो, पोटीस लावतो आणि फुटून बसली की विसरून जातो. काहींची मात्र बसतच नाही. एक सुकते न सुकते तोच शेजारी दुसरी, मग जांघेत तिसरी. कातडीखाली एकीतून दुसरीत वाटा फुटतात, पू वाहत राहतो.

पॅरिसच्या वेल्पो या शल्यचिकित्सकाने १८३९ साली अशा गळवांचं वर्णन केलं. पुढे १८५४ मध्ये त्यांचे देशबंधू व्हेर्नेय यांनी खापर फोडलं ते घर्मग्रंथींवर. तेही सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता, गळवं कुठे येतात एवढ्यावरून! ‘हायड्राडेनायटिस’ (घर्मग्रंथींचा दाह) हे नाव त्यातूनच आलं.

खरा गुन्हेगार होता केसाचं मूळ. ते ज्या नळीत बसतं तिच्या तोंडाशी मृत पेशींचा चिवट बोळा साचतो. नळी तुंबते, फुगते आणि शेवटी आतल्या आत फुटते. आतला ऐवज भोवतालच्या कातडीत सांडला की शरीर त्याला परका समजून तुटून पडतं. घर्मग्रंथी सुजतात त्या नंतर, शेजारी म्हणून.

१९५६ साली पिल्सबरी, शेली आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी या दुखण्याची दोन भावंडं शोधली: पाठी-छातीवरची गाठाळ मुरुमं आणि टाळूत पोखरत जाणारी गळवं. १९७५ मध्ये प्लेविग आणि क्लिगमन यांनी माकडहाडाजवळची पू वाहणारी पोकळी, म्हणजे पायलोनायडल सायनस, हाही या कुळात घेतला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांत तो इतका बोकाळला की त्याला ‘जीपचा रोग’ म्हणू लागले. मला हा चौथा भाऊ दत्तक वाटतो. कारण १९४८ साली पेटी आणि स्कार्फ यांनी तोच आजार एका न्हाव्याच्या हातावर दाखवला. केस तिथे उगवत नाही, बाहेरून टोचून आत शिरतो.

घर्मग्रंथींवरचा आळ खोटा ठरूनही जुनं नाव कागदोपत्री टिकून आहे. १९८९ साली सुचवलेलं ‘ॲक्ने इन्व्हर्सा’ त्याला हटवू शकलं नाही. असो. हे दुखणं अस्वच्छतेचं नाही, संसर्गाने पसरणारंही नाही. तंबाखूच्या धुराशी आणि वाढत्या वजनाशी मात्र त्याचं साटंलोटं आहे. तेव्हा त्याच त्या जागी गळवं पुन्हापुन्हा येत असतील, तर दर वेळी नुसती चीर देऊन घेऊ नका. लाज बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.