थारला मोठे टायर टाकताय? आधी हे गणित करून बघा

आमचं गाव वरवे बुद्रुक, पुणे-सातारा हायवेला लागून. इथून नसरापूरला वळलं की वेल्ह्याचा रस्ता, आणि पुढे कापूरहोळवरून भोर आणि वरंधा घाट. त्यामुळे शनिवार-रविवारी मोठ्या टायरच्या थार, जिम्नी, गुरखा गावावरून जाताना रोज दिसाव्यात तशा दिसतात. त्या बघून माझ्या चुलतभावाने विचारलं, "आपल्या थारला पण ३३ चे टायर टाकू का रे?"

प्रश्न साधा वाटतो, पण हीच गाडी आठवडाभर हायवेवर पळते, पावसाळ्यात भातखाचराच्या कडेने शेतात जाते आणि रात्री-बेरात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेते. म्हणून "दिसायला भारी" एवढ्यावर निर्णय घेऊन चालणार नाही. भावाला मी जे समजावलं, तेच इथे क्रमाने लिहितोय.

टायरवरचा नंबर कसा वाचायचा?

२०२० मध्ये आलेल्या थारच्या एलएक्स व्हेरिएंटला २५५/६५ आर १८ हा टायर येतो. याचा अर्थ असा:

- २५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ६५ म्हणजे साईडवॉलची उंची, रुंदीच्या ६५ टक्के.
- आर म्हणजे रेडियल बांधणी.
- १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

त्यापुढे अजून एक आकडा आणि अक्षर असतं. आकडा म्हणजे लोड इंडेक्स: १०९ असेल तर एक टायर १०३० किलो पेलतो, १११ असेल तर १०९० किलो. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: क्यू म्हणजे ताशी १६० किमी, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. नवीन टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, ही पहिली अट.

गणित

एकूण व्यास = रिमचा व्यास × २५.४ + २ × साईडवॉल.

२५५/६५ आर १८ साठी साईडवॉल २५५ × ०.६५ = १६५.७५ मिमी. रिम १८ × २५.४ = ४५७.२ मिमी. एकूण व्यास ७८८.७ मिमी. आता याच्याशी तीन पर्याय ताडून बघू. तिन्हींना १७ इंची रिम लागेल.

- २६५/७० आर १७: व्यास ८०२.८ मिमी, वाढ १.८ टक्के, ग्राउंड क्लिअरन्स ७ मिमीने जास्त.
- २८५/७० आर १७ (ज्याला सगळे "३३ चा" म्हणतात): व्यास ८३०.८ मिमी, वाढ ५.३ टक्के, क्लिअरन्स २१ मिमीने जास्त.
- ३१५/७० आर १७ ("३५ चा"): व्यास ८७२.८ मिमी, वाढ १०.७ टक्के, क्लिअरन्स ४२ मिमीने जास्त.

व्यास जेवढा वाढतो, त्याच्या निम्मीच गाडी वर उचलली जाते, कारण उरलेला निम्मा भाग ॲक्सलच्या वर जातो. म्हणजे "३३" टाकून मिळतात फक्त दोन सेंटीमीटर. लिफ्ट किटने बॉडी उंच होते, पण डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून वर न्यायचा असेल तर टायर मोठा करणं हाच मार्ग आहे. दगड त्यालाच लागतात, म्हणून ते दोन सेंटीमीटर अगदीच फुकट नाहीत.

या दोन सेंटीमीटरची किंमत काय?

१. स्पीडोमीटर कमी दाखवतो. गाडीला टायर बदलल्याचं कळत नाही, ती फक्त चाकाचे फेरे मोजते. "३३" टाकल्यावर काटा ८० वर असेल तर गाडी त्याच्या ५.३ टक्के जास्त, म्हणजे सुमारे ८४ ने पळत असते. कंपन्या मुळात काटा थोडा पुढे ठेवतात, त्यामुळे छोटी वाढ त्यात खपून जाते. "३५" ला खपत नाही.

२. ॲव्हरेज जेवढं पडलेलं दिसतं तेवढं नसतं, पण पडतं नक्की. ओडोमीटर ५०० किमी दाखवतो तेव्हा गाडी सुमारे ५२७ किमी गेलेली असते. हा हिशोब धरूनच तुलना करा. सर्व्हिसिंगचं अंतरही तसंच मोजा.

३. पिकअप कमी होतो. मोठं चाक म्हणजे लांब गिअर. इंजिनचा टॉर्क तोच, पण जमिनीवर पोचणारा जोर ५ टक्क्यांनी कमी. घाटात एक गिअर खाली जास्त वेळा यावं लागेल.

४. ब्रेक कमी पडतो. मला यात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. ब्रेक डिस्क तीच, कॅलिपर तोच, पण चाकाची त्रिज्या वाढली. तेवढंच पेडल दाबून मिळणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. त्यात मोठा टायर जड असतो, फिरणारं वजन थांबवायलाही ताकद लागते. वरंधा घाट उतरताना, पावसात, चार माणसं बसलेली असताना हा फरक जाणवतो. घाट उतरताना पेडलवर पाय ठेवून न बसता खालचा गिअर वापरा, हा जुना नियम मोठ्या टायरला दुप्पट लागू होतो.

५. स्टीअरिंग आणि सस्पेन्शनवर ताण येतो. बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग लवकर झिजतात. मागच्या दारावरची स्टेपनीही जड होते, तिचं वजन दाराच्या बिजागरीवर येतं.

घासतंय का, कसं बघायचं?

दुकानात सपाट फरशीवर कुठलाही टायर बसतो. खरी परीक्षा म्हणजे स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं आणि सस्पेन्शन दबलेलं असताना टायर आर्च, बंपर किंवा चासीला लागतो का. एक पुढचं चाक दगडावर किंवा बांधावर चढवा, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि दुसऱ्याला खाली वाकून बघायला सांगा. रिमचा ऑफसेट बदलून चाक बाहेर काढलं तर आतून घासणं थांबतं, पण बाहेरून आर्चला लागू शकतं आणि बेअरिंगवरचा भार वाढतो.

एचटी, एटी की एमटी?

एचटी हा हायवेचा टायर: शांत, ओल्या डांबरावर चांगला, चिखलात लगेच भरून गुळगुळीत होतो. एमटीचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद, त्यामुळे फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. पण डांबराला टेकणारं रबर कमी, म्हणून ओल्या रस्त्यावर पकड कमी आणि आवाज जास्त. एटी दोघांच्या मधला.

भातखाचराचा चिखल महिन्यातून दोनदा आणि हायवे रोज, असं असेल तर एटी घ्या. रुंदीच्या मोहातही पडू नका. जास्त रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. जिथे चिखलाखाली कडक जमीन असते, तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली पकड शोधतो.

पैसे न घालता मिळणारी पकड

मोठे टायर घेण्याआधी हवा कमी करून बघा. चिखलात किंवा सैल मुरुमात १८ ते २० पीएसआयवर टायर पसरतो, जमिनीला लागणारा पट्टा लांब होतो आणि मूळ टायरच वेगळा वाटायला लागतो. मात्र अशा वेळी वेग अगदी कमी ठेवा, झटक्यात वळू नका, आणि डांबरावर यायच्या आधी हवा परत भरा. कमी हवेवर वेगात पळवलं तर टायर तापून फुटू शकतो. छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज ही "३३" पेक्षा आधी करायची खरेदी आहे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सगळ्यात सुरक्षित साईज तीच, जी कंपनी स्वतः त्या मॉडेलच्या कुठल्यातरी व्हेरिएंटला देते. थारच्या बाबतीत २४५/७५ आर १६ हा तसा पर्याय आहे. त्याचा व्यास ७७३.९ मिमी, म्हणजे थोडा लहानच, पण साईडवॉल १८ मिमीने उंच. दगडावर उंच साईडवॉल रिमला वाचवते आणि हवा कमी करायलाही वाव देते. त्यापलीकडे काही करायचं असेल तर विमा कंपनीला आणि सर्व्हिस सेंटरला आधी लेखी विचारा.

घेताना तपासायची यादी

- व्यासातली वाढ साधारण ३ टक्क्यांच्या आत.
- लोड इंडेक्स मूळ टायरएवढा किंवा जास्त.
- रिमची रुंदी टायर कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत.
- चारही चाकं आणि स्टेपनी एकाच साईजची. पुढचा-मागचा व्यास वेगळा असेल तर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्स्फर केसवर ताण येतो.
- साईडवॉलवरच्या तारखेचे शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.
- बसवल्यावर अलाइनमेंट, बॅलन्सिंग, आणि ५० किमीनंतर नट परत आवळणं.

शेवटी भावाने काय केलं? १६ इंची रिमवर २४५/७५ चे एटी टायर, एक कॉम्प्रेसर आणि एक टो-रोप. गाडी पोरांच्या फोटोत पहिल्यासारखीच दिसते. पण यंदाच्या पावसात शेतातून एकदाही ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही, आणि घाट उतरताना मागे बसलेली आजी निवांत झोपते.