नायसिन : जनुकीय रचना

लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुग्धाम्ल जीवाणूच्या काही वाणांत तयार होणारे जीवाणुरोधक पेप्टाइड. ते बॅक्टेरिओसिन या गटात मोडते. दही, ताक व चीज यांच्या विरजणांत ही जीवाणुजाती आढळते. मात्र नायसिनची जनुके असलेले वाणच ते बनवू शकतात. या जीवाणूंची रोधक क्रिया १९२८ मध्ये अमेरिकेत नोंदली गेली. मॅटिक व हिर्श यांनी १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये या पदार्थाला नाव दिले आणि १९७१ मध्ये ग्रॉस व मोरेल यांनी त्याची रचना उलगडली.

जनुकसमूह : नायसिनशी संबंधित ११ जनुके गुणसूत्रावर सलग असतात. निस-ए या जनुकावरून रायबोसोमवर ५७ ॲमिनो अम्लांचे निष्क्रिय पूर्वरूप तयार होते. त्यातील पहिली २३ अम्ले अग्रखंडाची असून उरलेल्या ३४ अम्लांपासून नायसिन घडते. निस-बी जनुकाचे विकर सेरीन व थ्रिओनीन यांच्या ८ रेणूंतून पाणी काढून घेते. त्यांपैकी पाचांना निस-सीचे विकर सिस्टीनच्या गंधकाशी जोडते व ५ वलये बनतात. निस-टीचे प्रथिन हे पेप्टाइड पेशीबाहेर नेते आणि तेथे निस-पीचे विकर अग्रखंड छाटते. त्यानंतरच नायसिन क्रियाशील होते.

स्वसंरक्षण व नियंत्रण : नायसिन संवेदनशील जीवाणूंच्या पटलातील लिपिड-२ या भित्तिघटकाला चिकटते, भित्तीची बांधणी थांबवते आणि पटलाला छिद्रे पाडते. उत्पादक पेशीचे यापासून रक्षण निस-आय जनुकाचे लिपोप्रथिन व निस-एफ, निस-ई, निस-जी यांची वाहक यंत्रणा करते. निस-केचे प्रथिन पेशीबाहेरील नायसिन ओळखते आणि निस-आरच्या प्रथिनामार्फत निस-ए व निस-एफ यांच्या आरंभस्थानांवरील प्रतिलेखन वाढवते. त्यामुळे नायसिन वाढत असताना त्यापासूनचे संरक्षणही वाढते. याच नियंत्रणयंत्रणेचा वापर करून लॅक्टोकॉकसमध्ये हवी ती प्रथिने बनवण्याची तंत्रे विकसित झाली आहेत.

प्रसार व विविधता : हा समूह टीएन-५२७६ यासारख्या सुमारे ७० हजार बेसजोड्यांच्या संक्रमणशील जनुकखंडावर असतो. संयुग्मनाने तो दुसऱ्या पेशीत जातो, तेव्हा साखर (सुक्रोज) पचवण्याची जनुकेही सोबत जातात. नायसिन-झेडमध्ये २७ व्या स्थानी हिस्टिडीनऐवजी ॲस्परजीन असते. पेडिओकॉकस ॲसिडिलॅक्टिसी या जीवाणूच्या पेडिओसिन पीए-१ ची चार जनुके मात्र प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड गमावलेल्या पेशीत ते तयार होत नाही.

उपयोग : नायसिन मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंवर व त्यांच्या बीजाणूंच्या अंकुरणावर परिणाम करते. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंचे बाह्यपटल त्याला अडवते. माणसाच्या पचनमार्गातील विकरे त्याचे विघटन करतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९६९ मध्ये ते अन्नपरिरक्षक म्हणून सुरक्षित ठरवले. यूरोपात त्याचा क्रमांक ई-२३४ असून चीज व डबाबंद पदार्थांत ते वापरतात.