प्लेगच्या साथीपासून शहराच्या नकाशापर्यंत

स्मरणिकेसाठी ‘आपल्या परळचा इतिहास’ लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात देवळे, गिरण्या आणि गणेशोत्सव असणार. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ती गटारांची, नळांची, उंदरांची आणि एका मोकळ्या जागेची हकीकत. भगिनींनी नाक मुरडू नये. आपण पहाटे ज्या नळाखाली हंडा लावतो त्यालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या मंडळाचे एक काम अर्धवट पडून आहे. ते शेवटी सांगेन.

मुंबईत पूर्वी पाणी म्हणजे विहिरी आणि तळी. तिथेच पिणे, तिथेच धुणे, तिथेच जनावरे. उन्हाळा आला की पाणी आटे आणि पाठोपाठ पटकी येई. 1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, पुढे 1879 साली तुळशीचे आणि 1892 साली तानसाचे. पाणी आले खरे, पण आलेले पाणी जायचे कुठे, याचा विचार मागाहून झाला. घराघरांतले सांडपाणी साचू लागले आणि जमीन ओली राहू लागली. बाईमाणसाला हे कोणी विचारले असते तर तिने आधीच सांगितले असते की मोरी बांधल्याशिवाय नळ घेऊ नये!

त्या काळी परळ म्हणजे बड्या साहेबांची वस्ती. हाफकिन संस्थेची जुनी इमारत हा गव्हर्नरांचा बंगला होता. 1882 साली त्या बंगल्यात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या आणि पुढे गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलला गेले. गव्हर्नरांना बिऱ्हाड हलवता आले. गिरणीत राबणाऱ्या माणसाने कुठे हलवायचे?

1888 साली मुंबई म्युनिसिपालिटीचा मोठा कायदा झाला. त्यात सर फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता. अनेक दुरुस्त्यांसह तोच कायदा आजही चालू आहे. त्यात म्युनिसिपालिटीची कामे दोन रांगांत मांडलेली आहेत. काही करायलाच हवीत, काही वाटल्यास करावीत. गटारे, झाडलोट, पाणी, घातक रोगांना आळा या गोष्टी ‘करायलाच हवीत’ या रांगेत आहेत. माझ्या मते सबंध कायद्यातली आपल्या कामाची गोष्ट हीच. एरवी आपण अर्ज करतो तो दान मागितल्यासारखा करतो.

कायदा झाल्याला पुरती दहा वर्षेही झाली नव्हती आणि 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत गाठीचा ताप दिसला. तो प्लेग आहे हे प्रथम ओळखले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे, आणि म्युनिसिपालिटीत सभासदही होते. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे, आपण खरेदीला जाताना त्याच्यावरून जातो. व्यापार बसेल या भीतीने पुष्कळांना ते निदान मान्य नव्हते. पण माणसे पटापट मरू लागली तेव्हा कोणाचे काय चालणार?

आमच्या आजेसासूबाई त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेले सांगत. ज्या घरात कोणी गेले त्या घराच्या भिंतीवर रंगाने गोल काढीत. एका दाराशी पाच-पाच, सहा-सहा गोल. उजेड आत यावा म्हणून छपरावरची कौले काढीत. काही घरांवर तीन इंग्रजी अक्षरे रंगवीत, ‘यू. एच. एच.’, म्हणजे हे घर माणसाने राहण्यास अयोग्य. त्या पणजेसासूबाईंना अक्षर वाचता येत नव्हते. त्यांना एवढेच कळले की आपल्या घरावर सरकारने काहीतरी लिहिले. मग तांब्याचा हंडा, दोन लुगडी आणि पोर कडेवर घेऊन त्या बोटीने कोकणात गेल्या. अशी हजारो माणसे गेली. 1897 च्या आरंभी जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले होते. 1891 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती 8,21,764 होती. 1901 साली ती 7,76,006 भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत कमी व्हावी, यावरून काय ते समजावे.

म्युनिसिपालिटी हातावर हात ठेवून बसली नव्हती. गटारांत समुद्राचे पाणी आणि जंतुनाशके यांचा मारा केला, घरे धुतली, सामान जाळले, आजाऱ्याला घरातून उचलून इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला. पण रोग कशाने पसरतो हेच त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. सर्वांचा राग घाणीवर आणि ओलीवर. खरा चोर उंदराच्या अंगावरची पिसू, हे 1898 साली सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले, आणि 1905 नंतर आपल्या परळच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मंडळींनी ते पक्के केले. गटारे धुतल्याने उंदीर उलट घरांत शिरले असतील, असे जाणकार म्हणतात. म्हणजे कष्ट झाले, पैसा गेला आणि पाहुणा घरात आला.

आणि लोकांशी वागणे कसे? त्याचे उत्तर आर्थर रोडच्या इस्पितळाला 1896 च्या ऑक्टोबरात मिळाले. गिरणीकामगारांचा मोठा जमाव त्यावर चालून गेला. नेलेले माणूस परत येत नाही, मग तिथे करतात तरी काय, असा लोकांचा संशय. अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याला कोणी काही समजावून सांगितलेच नाही, त्याने दुसरे काय समजावे? रेल्वेच्या स्टेशनांवर बायकांच्या काखा आणि जांघा तपासत. काही ठिकाणी पुढे स्त्री-डॉक्टर नेमल्या, पण आधी जी विटंबना झाली ती झालीच. पुण्यात रँडसाहेबाच्या अंमलात गोरे शिपाई घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. 22 जून 1897 रोजी चापेकरबंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो. त्याच साली पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी तक्रार केली, हे मात्र शाळेत कोणी सांगितले नाही.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले होत्या. वय पासष्टीपुढचे. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर माळावर दवाखाना काढला आणि सावित्रीबाई आजाऱ्यांना तिथे आणीत. मुंढव्याचे एक आजारी पोर त्यांनी स्वतः पाठीवर घालून आणले. पोर वाचले. बाईंना प्लेगने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. शिपाई बंदूक घेऊन आजाऱ्याला नेत होते, बाई पाठीवर घेऊन नेत होत्या. गावाबाहेर नेण्याचे काम एकच, पण एकात माणूस पळून जातो आणि दुसऱ्यात विश्वासाने डोके खांद्यावर टाकतो.

आपल्या परळचा वाटा पुढचा. डॉ. हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशा जागेत लस केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्या जुन्या गव्हर्नरी बंगल्यात आली. 1925 साली संस्थेला त्यांचे नाव दिले गेले.

साथीने सरकारला एक गोष्ट शिकवली. आजारी घर धुऊन भागत नाही, घर मुळात कसे आणि कुठे बांधावे हे आधी ठरवावे लागते. 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राची हवा आत यावी म्हणून. दादर-माटुंग्याला रस्ते आधी आखून मग घरे बांधायला दिली. हिंदू कॉलनीत भर दुपारी चालताना सावली लागते ती त्या आखणीमुळे. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या ते त्या कॉलनीत राहायला गेले नाहीत. भाडे कुठून देणार? ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने शिरले. ट्रस्ट 1933 साली म्युनिसिपालिटीत विलीन झाला. सरकारने 1920 नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्या आणि सामाईक संडास आले. त्यांत संसार कसा होतो हे इथे लिहिण्याची गरज नाही, वाचणाऱ्या पुष्कळ भगिनी तिथेच नांदल्या आहेत.

हिवतापाची गोष्ट थोडक्यात सांगते. 1911 साली डॉ. बेंटली यांनी दाखवले की मुंबईच्या हिवतापाचे डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतात. विहिरी बुजवा म्हटल्यावर धर्माच्या नावाने ओरड झाली. आज आपल्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण पाहायला महापालिकेचा माणूस येतो, तो त्या अहवालाचा वारस आहे. त्याला दारातून परत पाठवू नका.

या साऱ्यात बायका कुठे होत्या? घरात, आजाऱ्याच्या उशाशी. कारभाराच्या सभागृहात त्यांना उशिरा जागा मिळाली. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या आणि 1918 साली हिंद महिला समाज स्थापणाऱ्या अवंतिकाबाई गोखले 1923 साली मुंबई म्युनिसिपालिटीत सभासद झाल्या. 1956 साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या स्त्री महापौर झाल्या. 2011 साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. केंद्राच्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरपालिकांच्या अठरा विषयांची यादी घटनेत आली आहे. त्यात नगररचनाही आहे आणि सार्वजनिक आरोग्यही.

आता नकाशा. 1915 साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. सबंध मुंबईची पहिली विकास योजना 1964 साली तयार होऊन 1967 साली मंजूर झाली. कुठे शाळा, कुठे बाग, कुठे दवाखाना हे नकाशावर आधीच राखून ठेवायचे, यालाच आरक्षण म्हणतात. ताज्या योजनेचा पहिला मसुदा 2015 साली निघाला. त्यात चुका इतक्या की असलेल्या वास्तूही चुकीच्या दाखवलेल्या. हरकतींचा पाऊस पडला आणि तो मसुदा फिरवावा लागला. स्त्रियांच्या संस्थांनीही सूचना दिल्या होत्या. शेवटी 2018 साली मंजूर झालेल्या योजनेत नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या निवासासाठी आणि आधार केंद्रांसाठी जागा राखलेल्या आहेत.

2016 साली सुधारलेला मसुदा पाहायला आपल्या मंडळाच्या आम्ही पाच जणी गेलो होतो. नकाशा मला आधी उलटाच दिसला. मग मुलीने रेल्वेची रेघ दाखवली, तिच्यावरून पूल सापडला, पुलावरून आपली गल्ली सापडली. गल्लीच्या टोकाला, जिथे ट्रक उभे राहतात आणि डेब्रिज पडते, त्या खाजगी मालकीच्या जागेवर नकाशात दवाखाना आहे! इतकी वर्षे आम्ही बाळंतिणींना घेऊन लांबच्या रांगेत उभ्या राहिलो आणि दवाखाना कागदावर आमच्या दाराशी होता. ते आरक्षण कायम ठेवा, असा अर्ज आम्ही दिला. ते कायम राहिले. पुढे 2020 साली करोनात चाळीतल्या माणसांना ठेवायला जागा नव्हती तेव्हा त्या कोपऱ्यावरचे ट्रक तेवढे तिथेच उभे होते. आम्ही दुसरा अर्ज दिला. उत्तर आले की अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.

इथे एक कलम भगिनींनी ध्यानात ठेवावे. 1966 च्या नगररचना कायद्यात 127 वे कलम आहे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही, तर मालकाला नोटीस देता येते. नोटिशीनंतर 24 महिन्यांत जागा घेण्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण सुटते. योजना 2018 ची. दहा वर्षे 2028 साली भरतात. मग त्या कोपऱ्यावर बुरूज उभा राहील आणि नकाशातला दवाखाना पुसला जाईल, तेही अगदी कायदेशीर.

तिसरा अर्ज तयार आहे. त्यात कलम लिहिले आहे, साल लिहिले आहे आणि सोबत नकाशाच्या त्या तुकड्याची प्रत जोडली आहे. वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या टेबलाशेजारी तो ठेवलेला असेल. सही करण्यापूर्वी वाचून घ्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी मोठ्याने वाचून दाखवीन.