विश्रामबागवाडा आणि नागसेनाचा रथ

मंडळी, आजचा विषय लाकडी घराचं वारसामूल्य. मी वास्तुविशारद नाही, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण हा प्रश्न मुळात आमच्याच प्रांतातला आहे, असं मला वाटतं.

पुण्यातला विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. सुरूदार खांब, वर केळफुलं, रस्त्यावर आलेला नक्षीदार सागवानी सज्जा. पेशवाई गेली आणि 1821 मध्ये इथे इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. मग 1879 ची आग. त्या आगीत बुधवारवाडा पार गेला, विश्रामबागचाही काही भाग जळाला आणि तो नंतर पुन्हा उभारला.

आता सांगा, तो पुन्हा उभारलेला भाग पेशव्यांचा म्हणायचा की नाही?

'मिलिंदपञ्ह' ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: रथ म्हणजे चाकं का? आस का? जू का? राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणतो. मग रथ आहे कुठे? ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाचा प्रश्न याच जातीचा, एकेक फळी बदलत गेलेल्या जहाजाचा. गंमत बघा, रथ काय नि जहाज काय, दोन्ही लाकडाचीच! दगडाबद्दल हा प्रश्न इतक्या सहज सुचत नाही. लाकूड कुजतं, त्याला वाळवी लागते, ते जळतं. शनिवारवाड्यात 1828 च्या आगीनंतर तट, दरवाजे आणि दगडी जोती उरली, आतलं घर गेलं.

पण लाकडाची दुसरी बाजू सुतार जाणतो. वाड्याचा भार मुख्यतः खांब आणि तुळया घेतात. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. त्याचा बुंधा कुजला तर वरच्या तुळईला टेकू द्यायचा, कुजका भाग कापायचा आणि नवा तुकडा सांध्यात बसवायचा. घर उभंच राहतं. म्हणजे बदल हा या घराचा अपघात नव्हे, ती त्याची जगण्याची रीत आहे. जपानात इसे इथलं देवस्थान तर दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात. जुनेपण तिथे लाकडात नसून बांधणाऱ्या हातांत आहे. 1994 च्या नारा मसुद्याने हा विचार जगापुढे मांडला: अस्सलपणा फक्त मूळ द्रव्यावरून ठरवू नका, ज्या त्या संस्कृतीच्या चौकटीत पाहा.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. 'सगळं बदलता येतं ना, मग पाडा आणि तसंच बांधा,' असं म्हणणारे भेटतात. काँक्रीटच्या इमारतीला सागवानी फळ्या चिकटवल्या की झाला वाडा! नाही झाला. त्या फळ्या कसलाही भार घेत नाहीत. जुन्या वाड्याचे खांब विकत घेऊन उपाहारगृहात उभे करतात, तेही याच मासल्याचं. खांब अस्सल असतो, पण त्याचा खण गेलेला असतो, चौक गेलेला असतो. नागसेनाच्या भाषेत, चाक आहे, रथ नाही.

विश्रामबागवाडा सार्वजनिक मालकीचा, म्हणून वाचला. खासगी वाड्यांचं काय? 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे कित्येक पाडले. उरलेल्यांना 1947 च्या भाडे कायद्याने गोठलेलं भाडं पोखरत राहिलं. महिन्याला चहाच्या पैशाएवढं भाडं घेणारा मालक सागवानाची तुळई कशाने बदलणार? त्याला दोष देणं सोपं आहे, मी देत नाही. भाडेकरूलाही देत नाही, त्याला दुसरीकडे परवडणारं घर कुठे होतं?

म्हणून वारसा यादीत नाव घालून थांबणं मला पुरेसं वाटत नाही. मालकाला दुरुस्तीचा पैसा द्या, आणि पैसा देताना अट घाला की सांधा जुन्या पद्धतीने, जाणत्या सुताराकडूनच व्हावा. त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकली पाहिजेत, हीसुद्धा अट हवी. त्या पोरांची मजुरी कोणी द्यायची, यावर आपण प्रश्नोत्तरांत बोलू.