नंबर काढायला पीएच.डी. कशाला?

भालकी, औराद, बसवकल्याणपासून आळंदपर्यंतच्या सीमाभागात एक मत इतकं मुरलं आहे की त्यावर वाद होऊ शकतो हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. मोतीबिंदू काढायला डॉक्टर लागतो, चष्म्याचा नंबर काढायला दुकानातलं कॉम्प्युटरचं यंत्र पुरतं. पोरगी ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टितपासणीचं शास्त्र, शिकली तर पदवीपर्यंत ठीक. पुढे मास्टर्स आणि पीएच.डी. म्हणजे बापाच्या पैशांची आणि तिच्या उमेदीच्या वर्षांची माती. चष्मेवाले हे म्हणतात, पालक म्हणतात आणि नेत्रतज्ज्ञही हसत हसत मान डोलावतात.

या पूर्वपक्षाची भक्कम बाजू आधी मांडायला हवी, कारण ती खरोखर भक्कम आहे. जिथे गावच्या शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायला माणूस मिळत नाही, तिथे चार-पाच वर्षं प्रबंध लिहीत बसणारा माणूस ही चैन ठरते. आधी हात हवेत, डोकी नंतर. शिवाय राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ बेंगळुरूला, बीदरपासून जवळपास सातशे किलोमीटरवर. तिकडे शिकायला गेलेला परत येतो कशाला?

आता उत्तरपक्ष. ‘नंबर काढणं’ म्हणजे काय याविषयी जी समजूत आहे, मुळात तीच कच्ची आहे. यंत्र डोळ्याची अवस्था सांगतं, त्या डोळ्याने करायचं काम सांगत नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर ते अवस्थाही चुकीची सांगू शकतं: डोळ्यात औषध न घालता तपासलं तर मूल नजर ताणून धरतं आणि उणे नंबर असतो त्यापेक्षा जास्त निघतो. पण खरा मुद्दा कामाचा आहे, आणि त्यासाठी बीदरच्या बाहेर जायचीही गरज नाही.

बिदरीचं काम घ्या. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचं भांडं ओतून, घासून झालं की त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळपट होतो आणि कोरलेली रेष उठून दिसते. मग कारागीर खाली बसून छिन्नीने नक्षी कोरतो आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतो. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागराच्या कढत पाण्यात भांडं गेलं की धातू कायमचा काळा होतो, चांदी तेवढी उजळ राहते. हा सगळा कॉन्ट्रास्टचा खेळ आहे.

या कारागिराला चाळिशी लागली की तो चष्म्याच्या दुकानात जातो. तिथे जवळचा नंबर साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरलेल्या तक्त्यावर ठरतो. पेपर वाचायला हे अंतर उत्तम. त्याला अडीच डायॉप्टरची ताकद लागते. पण तार बसवताना काम पंचवीस सेंटिमीटरवर आलं, तर लागते चार डायॉप्टरची. पंचावन्नच्या माणसाच्या डोळ्यात स्वतःची अशी ताकद जवळजवळ उरलेली नसते, म्हणजे मधला दीड डायॉप्टर कुठूनच येत नाही. दुकानात ‘झकास दिसतंय’ म्हणून पैसे देणारा तोच माणूस कामावर बसला की चष्मा कपाळावर सरकवतो, आणि दोष मात्र स्वतःच्या वयाला देतो.

त्याचं नेमकं अंतर किती, उजेड कोणत्या बाजूने हवा, मान किती वाकते, खाली बसून काम करणाऱ्याला बायफोकलचा खालचा तुकडा उपयोगी की उलट अडचणीचा, हे प्रश्न सोडवायला मोजमाप लागतं, तुलना लागते, नमुना निवडण्याची शिस्त लागते. यालाच संशोधन म्हणतात आणि त्याचीच पदवी असते. आसामच्या चहामळ्यांत चाळीस ओलांडलेल्या कामगारांवर असा अभ्यास झाला. तो २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. साधा जवळचा चष्मा मिळालेल्यांची खुडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. पण तो आकडा बिदरीसाठी उसना आणता येत नाही. पान खुडणारी नजर वेगळी, तार बसवणारी वेगळी.

‘हे संशोधन नेत्रतज्ज्ञ करतील की,’ असं कुणी म्हणेल. त्यांनी जरूर करावं. पण शस्त्रक्रियेनंतर रोग्याला किती दिसू लागलं हे त्यांच्या शोधनिबंधांत ज्या पद्धतीच्या तक्त्यावर मोजतात, ती पद्धत कुणाची? १८६२चा स्नेलेनचा तक्ता ओळीओळीला असमान होता: वर एक अक्षर, खाली अनेक, आणि दोन ओळींतला फरकही सारखा नाही. १९७६ साली मेलबर्नमध्ये इयान बेली आणि जॅन लव्ही या दोन ऑप्टोमेट्रिस्टांनी प्रत्येक ओळीत पाच अक्षरं आणि ओळीओळीत एकच प्रमाण असा तक्ता बांधला. नंबर काढणाऱ्यांनीच नेत्रतज्ज्ञांच्या हाती मोजपट्टी दिली आहे, एवढं तरी मान्य व्हावं.

त्याहून मोठी गोष्ट गणतीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या व्याख्येत चष्मा लावून जेवढं दिसेल तेवढी दृष्टी धरत. ज्याच्याकडे चष्माच नाही, तोही कागदावर डोळस! ही चूक दुरुस्त करून हिशेब मांडला तेव्हा, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, निव्वळ चष्म्याअभावी दूरचं नीट न दिसणारे १५ कोटी ३० लाख लोक जगात निघाले. हात कितीही वाढवले असते तरी हे लोक सापडले नसते, कारण ते यादीतच नव्हते. ‘आधी हात, मग डोकी’ हा क्रम इथे मोडतो.

आणि असं काम खेड्यात होत नाही, असंही नाही. आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६ साली ग्रामीण भागातलं आपलं पहिलं केंद्र काढलं ते तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मुधोळला, नांदेडच्या सीमेवरच्या मराठी मुलखात. त्याच काळात संस्थेने आंध्रात दहा हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासून जे मोठं सर्वेक्षण केलं, त्यात आदिलाबाद होतं. पुढे श्रीनिवास मर्ममुला या ऑप्टोमेट्रिस्टने चष्म्याची गरज झटपट मोजण्याची पद्धत महबूबनगर जिल्ह्यात राबवली. या माणसाने ऑप्टोमेट्रीत पदवी आणि नंतर पीएच.डी. केली आहे. चेन्नईत ऑप्टोमेट्रीच्याच लोकांनी तमिळ अक्षरांचा शास्त्रशुद्ध तक्ता बनवला. ज्या गावात एका बाकावर कन्नड, मराठी आणि उर्दू वाचणारे तीन रोगी बसतात, तिथे शिरोरेषेखाली लटकणारी मराठी अक्षरं, गोलाकार कन्नड आणि जोडत जाणारी उर्दू एकाच आकारात सारखीच वाचता येतात का, हा प्रश्न आपल्याशिवाय कुणाला पडणार?

कायदाही पूर्वपक्षाच्या बाजूचा नाही. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२१च्या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टना आपल्या कक्षेत घेतलं, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाची जी व्याख्या त्यात केली तिच्यात अभ्यास आणि संशोधन करणाराही धरला आहे.

एक गोष्ट मात्र पूर्वपक्षाला द्यायला हवी. पुष्कळ प्रबंध कपाटात जाण्यासाठीच लिहिले जातात. २०२२च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद केलं आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्तीही काढली; दर्जा राखण्याची जबाबदारी आता सगळी विद्यापीठावर आणि मार्गदर्शकावर आहे. महानगरातल्या कॉलेजच्या पोरांचे मोबाईलचे तास मोजणारा आणखी एक प्रबंध झाला नाही तर बीदरचं काही बिघडत नाही. पण हा आक्षेप विषयनिवडीवर आहे, पदवीवर नाही.

तेव्हा मागणी नेमकी करावी. कलम ३७१(जे)मुळे या भागाला स्वतंत्र विकास मंडळ मिळालं आहे, बीदर आणि कलबुर्गीत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हैदराबाद बीदरपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. या कल्याण कर्नाटक विकास मंडळाने ऑप्टोमेट्रीच्या संशोधनासाठी दोन-चार फेलोशिप ठेवाव्यात आणि अटी दोनच घालाव्यात: मोजमाप याच जिल्ह्यांत व्हावं आणि निष्कर्ष कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही भाषांत छापून तालुक्याच्या दवाखान्यात पोचावेत. आपल्या भागातल्या आमदारांनी हा ठराव मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडावा.