बालसंगोपनाचे राजकारण : डॉ. स्पॉक, ताराबाई आणि अंगणवाडी

एखाद्या माणसाचे एक काम फार गाजले की त्याची बाकीची कामे लोकांना त्याच्या लहरीसारखी वाटू लागतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक (१९०३-१९९८) यांच्या वाट्याला हेच आले. १९४६ साली निघालेले त्यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक पंचवीस सेंटला मिळत असे. त्यांच्या निधनापर्यंत जगभर त्याच्या सुमारे पाच कोटी प्रती खपल्या होत्या. त्याआधी, १९२८ मध्ये, जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने आयांना बजावले होते की मुलांना फार कुरवाळू नका, मुके घेऊ नका, दूध पाजायचे ते घड्याळ पाहून पाजा. स्पॉक यांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते : आईने तज्ज्ञापेक्षा स्वतःवर अधिक विश्वास ठेवावा आणि मूल काय सांगते आहे ते ऐकावे.

हाच गृहस्थ १९६२ मध्ये अणुचाचण्यांच्या विरोधात उभा राहिला. वृत्तपत्रातल्या पानभर जाहिरातीत एका लहान मुलीकडे चिंतेने पाहणारे डॉक्टर लोकांनी पाहिले. १९६४ मध्ये त्यांनी लिंडन जॉन्सन यांचा प्रचार केला, आणि जॉन्सन यांनी व्हिएतनामचे युद्ध वाढवल्यावर ते त्यांच्याच विरोधात रस्त्यावर उतरले. एप्रिल १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोर्चात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत होते. जानेवारी १९६८ मध्ये त्यांच्यासह पाच जणांवर, तरुणांना सक्तीच्या लष्करभरतीला नकार देण्यास चिथावण्याचा कट केल्याचा आरोप ठेवण्यात आला. गमतीचा भाग असा की या 'कटा'तले आरोपी एकमेकांना धड ओळखतही नव्हते. बॉस्टनच्या न्यायालयाने त्यांतल्या चौघांना दोषी ठरवले आणि स्पॉक यांना दोन वर्षांची शिक्षा फर्मावली. पुढल्या वर्षी वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. १९७२ मध्ये ते एका छोट्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठीही उभे राहिले. त्यात त्यांना मते नावापुरतीच मिळाली.

विरोधकांचा युक्तिवाद मात्र मोठा रोचक होता. नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकाने आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी सगळ्या बंडखोर पिढीचे खापर स्पॉक यांच्या पुस्तकावर फोडले. भूक लागेल तेव्हा दूध मिळालेली मुले मोठी होऊन सरकारचे ऐकत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. आम्हांला हा आरोप हास्यास्पद वाटतो, पण निरर्थक वाटत नाही. पाळण्यातल्या मुलाशी आपण कसे वागतो यात सत्तेविषयीची एक कल्पना दडलेली असते, हे स्पॉक यांच्या चाहत्यांपेक्षा त्यांच्या शत्रूंना लवकर कळले होते.

आपल्याकडे असे विरोधक फारसे झाले नाहीत. आपण वेगळी युक्ती योजली. बालसंगोपनाविषयी बोलणाऱ्या माणसाला आपण वंदनीय करून टाकतो, म्हणजे त्याचे राजकारण पाहावे लागत नाही. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, पण तुरुंग तिथे केवळ पार्श्वभूमी म्हणून उरतो. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण करणारे साने गुरुजी आणि श्यामच्या आईचा मुलगा असलेले साने गुरुजी वर्गात क्वचितच एकत्र भेटतात.

नागपूरचेच पाहा. गांधीबागेतल्या कापडबाजारातून महालाकडे जाताना 'मातृसेवा संघ' हे नाव कानांवरून गेले नाही असा जुना नागपूरकर विरळा. कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने हा संघ १९२१ मध्ये सुरू केला. डिसेंबर १९२० चे काँग्रेस अधिवेशन नुकतेच होऊन गेले होते आणि शहरात असहकाराचे वारे होते. कमलाताई बालविधवा होत्या. ज्या समाजात विधवेची सावलीही बाळंतिणीच्या खोलीवर पडू नये असे मानत, त्यात एका विधवेने सुईणीचे काम शिकणे आणि घराघरांतल्या सुनांना बाळंतपणासाठी आपल्याकडे बोलावणे, याला समाजसेवा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तीही समाजसेवेसाठीच.

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांच्याविषयी अधिक सांगायला हवे. प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर ताराबाई लग्नानंतर अमरावतीला आल्या. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतीपासून वेगळ्या होऊन त्या राजकोटला नोकरीसाठी गेल्या आणि १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. मुलाला मारू नये, भीती दाखवू नये, बक्षिसाचे आमिषही दाखवू नये, हे त्यांचे सूत्र. आज ते पालकसभेतले गुळगुळीत वाक्य झाले आहे. पण घरात बापाच्या आणि शाळेत मास्तरांच्या छडीवर विश्वास असलेल्या त्या काळात या एका सूत्राने किती जणांचा अधिकार काढून घेतला असेल, याचा अंदाज करावा.

मराठी वाचकाला ताराबाई बहुधा रत्नाकर मतकरी यांच्या 'घर तिघांचं हवं' या नाटकामुळे आठवतात. ते नाटक त्यांच्या जीवनावर बेतलेले आहे. नाटकाने घराची बाजू घ्यावी हे रंगभूमीच्या प्रकृतीला धरूनच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ताराबाईंच्या आयुष्यातला खरा नाट्यप्रसंग आमच्या मते घराबाहेर, १९४५ साली बोर्डीला घडला.

त्या वर्षी मुंबईतले काम इतरांवर सोपवून त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) या समुद्रकाठच्या गावी बालशिक्षणाचे केंद्र काढायला गेल्या. वयाने त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. अनुताई वाघ (१९१०-१९९२), त्याही बालविधवा, त्यांना तिथे येऊन मिळाल्या. नेमक्या त्याच वर्षी, त्याच टापूत, वारल्यांचा उठाव चालू होता. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या कामासाठी तिथे पोचले होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला वारली नवराबायकोसकट त्याचा वेठबिगार होई. त्याला 'लग्नगडी' म्हणत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मारले गेले. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सारे लिहिले.

एकीकडे वेठीविरुद्ध लाल बावटा, दुसरीकडे मण्यांच्या माळा, रंगीत ठोकळे आणि मुलांची नखे कापणारी बाई. यांतले कोणते राजकारण, असे विचारले तर उत्तर सरळ दिसते. आम्हांला ते तितके सरळ वाटत नाही. लग्नगड्याचे मूल सावकाराची गुरे वळण्यासाठीच जन्माला आले आहे, ही समजूत तिथल्या व्यवस्थेचा पाया होती. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांना दोष न देता ताराबाईंनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरे वळणाऱ्या मुलांसाठी पुढे कोसबाडला कुरणशाळा निघाली. मूल कामाला जाते हे मान्य करूनही ते मूल आहे, हे इथे ठामपणे सांगितले गेले. पाटी-पेन्सिलीच्या जागी शिंपले, बिया, पाने आली, कारण तीच त्या मुलाच्या जवळची होती.

तरीही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. आंघोळ, नखे, केस, स्वच्छ कपडे यांवरचा त्या कामातला भर आज वाचताना खटकतो. खरूज आणि हगवणीने मुले मरत असताना साबण ही चैन नव्हती हे खरे. पण 'संस्कार' हा शब्द शहरातल्या पांढरपेशा घरातून पाड्यावर जाताना सोबत बराच अहंकारही नेतो. सावकाराला हात न लावता त्याच्या वेठीतल्या मुलाला माणूस करता येईल, असा भरवसा या वाटेत होता. परुळेकरांच्या वाटेत नेमका उलट भरवसा होता : वेठ तुटली की पुढचे आपोआप होईल. दोन्ही अर्धेच निघाले. स्पॉक न्यायालयात उभे राहिले, ताराबाई राहिल्या नाहीत. म्हणून त्यांचे काम कमी राजकीय ठरते, असे मात्र आम्ही मानत नाही. बालशिक्षण म्हटले की ते श्रीमंत शहरी मुलांचे, हा माँटेसोरीच्या नावाने रुजलेला समज त्यांनी एका टेकडीवर मोडून दाखवला. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

अंगणात भरणाऱ्या त्या वाडीचे नाव पुढे सरकारी झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. ती चालवणाऱ्या बाईला सरकार कर्मचारी म्हणत नाही. ती 'मानसेवी', तिला मिळते ते मानधन. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात त्यांना उपदानाचा हक्क आहे असा निकाल दिला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीतही चालू होता.

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की या बायांचे मोर्चे येतात. गावोगावहून रात्रीच्या गाडीने आलेल्या, डब्यात पोळी-भाजी बांधून आणलेल्या. रस्ते अडले की गांधीबागेतले दुकानदार कुरकुरतात, आणि 'मुलांना सांभाळायचे सोडून यांना हे राजकारण कशाला' हे वाक्य दरवर्षी कुठल्या तरी गल्ल्यामागून ऐकू येते. १९६८ मध्ये डॉ. स्पॉक यांनाही थोड्याफार फरकाने हेच विचारले गेले होते, फक्त ते विचारणाऱ्यांनी लहानपणी बहुधा त्यांच्याच पुस्तकाबरहुकूम दूध प्यायले होते.