वाफेचे छोटे रेल्वे इंजिन (छंदबांधणी)

खऱ्या वाफेवर चालणारे, रुळांवरून स्वतःच्या बळाने धावणारे आणि बहुधा माणसांनाही ओढून नेणारे लहान प्रमाणातील रेल्वे इंजिन घरच्या कार्यशाळेत तयार करण्याचा छंद. कपाटात ठेवायची शोभेची प्रतिकृती किंवा विजेवर धावणारी छोटी आगगाडी यांहून हा प्रकार वेगळा आहे. यात भट्टी खरोखर पेटते, पाणी उकळते, वाफ दट्ट्याला ढकलते; आणि जोडणीत चूक राहिली तर इंजिन जागचे हलत नाही. हा छंद ब्रिटनमध्ये रुजला आणि तेथून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, युरोप व जपान येथे पसरला.

इतिहास : लहान वाफयंत्रे मोठ्या यंत्रांच्या शोधातही उपयोगी पडली. १७६३-६४ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातील, न्यूकोमेन यांच्या वाफयंत्राची प्रतिकृती जेम्स वॉट यांच्याकडे दुरुस्तीला आली. दुरुस्तीनंतरही ती थोड्याच फेऱ्यांत थांबत असे. लहान सिलिंडरमध्ये वाफेच्या मानाने थंड धातूचा पृष्ठभाग फार असल्याने बरीच वाफ वाया जाते, हे वॉट यांच्या लक्षात आले आणि त्या विचारातून पुढे स्वतंत्र संघनकाची (वाफ सिलिंडरबाहेर थंड करणाऱ्या पात्राची) कल्पना निघाली. विल्यम मर्डॉक यांनी १७८४ मध्ये कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथे तीन चाकांची छोटी वाफगाडी चालवून दाखवली.

हौशी बांधणीला संघटित रूप आले ते १८९८ मध्ये. त्या वर्षी पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनहून ‘मॉडेल एंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले व तेथेच हौशी यंत्रकारांची संस्थाही स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्थॅम्प्टनचे डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक आणि आराखडाकार हेन्री ग्रीनली यांनी छोटी इंजिने व त्यांचे सुटे भाग बाजारात आणले. त्या काळी लहान मापाची इंजिने बहुतांशी स्पिरिटच्या दिव्यावर चालत. १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणारे लिलियन लॉरेन्स (१८८३–१९६७) यांनी या पद्धतीला आव्हान दिले. मोठ्या इंजिनासारखी अग्निपेटी व अग्निनळ्या असलेला, दगडी कोळशावर चालणारा बॉयलर रुळांमध्ये अवघे अडीच इंच अंतर असलेल्या मार्गावरही माणूस ओढू शकतो, हे त्यांनी ‘आयेशा’ या आपल्या इंजिनाने सिद्ध केले. हा वाद ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानंतर कोळशाचा बॉयलर हीच रूढ पद्धत झाली. पुढे अनेक दशके त्यांनी लेथ नव्याने विकत घेणाऱ्यालाही कळेल अशा सोप्या भाषेत इंजिनांचे आराखडे व कृती लिहिल्या. त्यांच्यानंतर मार्टिन एव्हान्स यांचे ‘रॉब रॉय’ व ‘सिम्प्लेक्स’ हे आराखडे लोकप्रिय झाले.

अमेरिकेत चित्रपटकार वॉल्ट डिस्ने यांनी या छंदाकडे सामान्यांचे लक्ष वेधले. १:८ प्रमाणातील ‘लिली बेल’ हे त्यांचे इंजिन १९५० पासून लॉस एंजेलिसमधील घराच्या आवारात धावत होते. त्याचे काही भाग डिस्ने यांनी स्वतः घडवले होते. १९५३ मध्ये एका अपघातात वाफेने एक लहान मुलगी भाजल्यावर त्यांनी ती रेल्वे बंद केली.

मार्गरुंदी व प्रमाण : या इंजिनांची ओळख रुळांमधील अंतरावरून होते. बागेतल्या लहान गाड्यांसाठी ३२ व ४५ मिमी हे मार्ग प्रचलित आहेत. माणसे ओढण्यासाठी ३½ इंच (८९ मिमी), ५ इंच (१२७ मिमी) आणि ७¼ इंच (१८४ मिमी) या रुंदी रूढ आहेत. अमेरिकेच्या बऱ्याच भागात ७½ इंची मार्ग चालतो. १,४३५ मिमी या प्रमाण मार्गाच्या मानाने पाहता ३½, ५ व ७¼ इंची मार्गांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे १:१६, १:११ व १:८ येते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी असल्याने तिचे इंजिन ५ इंची रुळांवर आणायचे तर प्रमाण सुमारे १:१३ धरावे लागते. ३½ व ५ इंची रूळ बहुधा जमिनीपासून उंचावर बसवतात आणि प्रवासी डब्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसतात. ७¼ इंची मार्ग जमिनीवरच असतो.

लहानपणाचे गणित : छोटे इंजिन म्हणजे मोठ्याची हुबेहूब आटवलेली प्रत नसते. १:८ प्रमाणात लांबी आठपटींनी कमी होते. पण पृष्ठभाग ६४ पटींनी आणि घनफळ व वजन ५१२ पटींनी घटते. त्यामुळे सामावलेल्या उष्णतेच्या मानाने उष्णता गमावणारा पृष्ठभाग मोठा राहतो, पाणी झपाट्याने थंड होते आणि सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होण्याचे प्रमाण वाढते. दट्ट्यावरील बल क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर रुळावरील पकड वजनावर. म्हणून मूळ इंजिनाइतका वाफेचा दाब ठेवला तर चाके जागीच घसरतील. छोट्या इंजिनांचा कार्यदाब साधारणपणे दर चौरस इंचास ८० ते १०० पौंड (सुमारे ५.५ ते ७ बार) ठेवतात, मोठ्या इंजिनांत तो २०० ते २५० पौंड असे.

कोळशाचा खडा, राख आणि हवा मात्र प्रमाणात लहान होत नाहीत. मोठ्या इंजिनातील शे-दीडशे अग्निनळ्या त्याच संख्येने बसवल्या तर प्रत्येकीचे छिद्र इतके बारीक होईल की ती राखेने बुजेल व हवेची ओढ बंद पडेल. म्हणून नळ्या थोड्या पण रुंद ठेवतात. चांगला आराखडाकार बाह्यरूप मूळ इंजिनाचे ठेवतो आणि आतली मापे भौतिकीच्या हिशेबाने ठरवतो. याच कारणाने सर्वांत लहान इंजिन सर्वांत सोपे ठरत नाही. लॉरेन्स यांचे ३½ इंची ‘टिच’ नवशिक्यांसाठी आखलेले होते. त्याचे सुटे भाग करणे सोपे असले, तरी चिमुकल्या भट्टीतील विस्तव टिकवण्यास सरावलेला हात लागतो.

बांधणी : घरच्या कार्यशाळेतील मुख्य यंत्र म्हणजे लेथ, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथे बनणारे मायफर्ड कंपनीचे लेथ या छंदात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्याशिवाय ड्रिल यंत्र, कानशी, टॅप व डाय, मापनाची साधने आणि मोठा गॅसबर्नर लागतो. चाके व सिलिंडर यांचे ओतीव भाग विकत घेऊन कातण्याची प्रथा आहे.

कामाची सुरुवात सांगाड्यापासून होते. साधारण ३ मिमी जाडीच्या पोलादी पत्र्याच्या दोन बाजू एकत्र आवळून छिद्रे पाडतात व कानस मारतात, म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळतात. बिडाची चाके कातून आसावर बसवताना एका बाजूची क्रँकपिन दुसऱ्या बाजूच्या पिनेशी काटकोनात ठेवतात, म्हणजे एक दट्ट्या टोकाला थांबलेला असताना दुसरा जोर देऊ शकतो. हा कोन नेमका ९० अंश असण्यापेक्षा सर्व आसांवर तो सारखा असणे अधिक महत्त्वाचे. अन्यथा चाके जोडणारे दांडे अडकतात. त्यानंतर बीड किंवा गनमेटलचे सिलिंडर, वाफेची सरकती झडप आणि तिला चालवणारी स्टीफन्सन किंवा वाल्शार्ट्स पद्धतीची यंत्रणा बसवतात. एवढे झाले की सांगाडा दाबाच्या हवेवर फिरवून पाहण्याची पद्धत आहे; झडपांचा ताळमेळ कानाने ओळखता येतो, कारण नीट बसवलेले दुसिलिंडरी इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात समान अंतराने चार फुसकारे टाकते.

बॉयलर हा सर्वांत जोखमीचा भाग. तो बहुधा तांब्याचा करतात, कारण तांबे गंजत नाही, उष्णता चांगली वाहून नेते आणि लाल तापवून निववले की मऊ पडून साच्यावर ठोकून वळवता येते. सांधे सिल्व्हर सोल्डरने झाळतात. ते ६०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. तांबे उष्णता चटकन पसरवत असल्याने केवळ सांधा तापवून भागत नाही, संपूर्ण बॉयलर तापवावा लागतो. आधीचे सांधे पुन्हा सुटू नयेत म्हणून सुरुवातीला अधिक तापमानाला वितळणारी मिश्रधातू वापरतात. अग्निपेटीच्या सपाट भिंती दाबाने फुगू नयेत म्हणून त्या बाहेरच्या कवचाशी आधारखिळ्यांनी बांधतात. कॅडमियमयुक्त सोल्डर पूर्वी आवडीने वापरले जाई. त्याचा धूर विषारी असल्याने युरोपात त्यावर बंदी आली.

चाचणी व सुरक्षा : नवा बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून पंपाने कार्यदाबाच्या दुप्पट दाब देतात. पाणी जवळपास दबत नसल्याने सांधा फुटला तरी स्फोट होत नाही. हीच चाचणी हवेने घेणे प्राणघातक ठरू शकते. ब्रिटनमधील संस्था पुढील जलचाचण्या कार्यदाबाच्या दीडपट दाबाने ठरावीक मुदतीने घेतात, वाफेवर वेगळी चाचणी करतात आणि प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक मार्गावर इंजिन चालवू देत नाहीत. सुरक्षा झडप, पाणीदर्शक काच व पाणी भरण्याच्या दोन स्वतंत्र सोयी आवश्यक मानल्या जातात. हातपंप, आसावर चालणारा पंप आणि वाफेच्या झोताने पाणी आत ढकलणारा इंजेक्टर ही पाणी भरण्याची साधने. पाण्याची पातळी अग्निपेटीच्या छताखाली गेली की धातू उघडा पडून तापतो, म्हणून चालकाची नजर पाणीदर्शकावरून हलता कामा नये.

चालवणे : रॉकेलमध्ये भिजवलेल्या लोणारी कोळशाने भट्टी पेटवतात व धुराड्यावर छोटा विजेचा पंखा बसवून ओढ निर्माण करतात. विस्तव धरला की दगडी कोळसा टाकतात. इंजिन चालू लागल्यावर सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफच धुराड्यातून वर जाताना हवा ओढते. काम वाढले की विस्तवही आपोआप फुलतो. सिलिंडरना जाड वंगणतेल सतत मिळावे लागते. ब्रिटनमध्ये १९६९ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्षमता स्पर्धेत जाळलेला कोळसा आणि प्रत्यक्ष केलेले काम यांचे गुणोत्तर मोजतात. उत्तम इंजिनांचीही कार्यक्षमता दोन-तीन टक्क्यांच्या आसपास राहते.

सद्यःस्थिती : लेसरने कापलेले सांगाडे आणि संगणकावर काढलेले आराखडे यांमुळे बांधणीचा काळ घटला आहे. जपानच्या ॲस्टर कंपनीने १९७५ पासून ४५ मिमी मार्गाच्या इंजिनांचे जोडसंच काढल्याने लेथ नसलेल्यांनाही हा छंद खुला झाला. दुसरीकडे ब्रिटनमधील खाणी बंद पडत गेल्याने चांगला वाफकोळसा दुर्मीळ झाला असून तयार इंधनगोळ्यांचा वापर वाढला आहे.

भारतात लघुरेल्वेची परिचित जागा म्हणजे पुण्यातील कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय (१९९८); तेथील १:८७ प्रमाणातील गाड्या मात्र विजेवर धावतात. वाफेच्या इंजिनांपुरते पाहता, भारतातील बॉयलरविषयक कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे दाबपात्र येत नाही आणि ५ इंची इंजिनाचा बॉयलर जेमतेम काही लिटरांचा असतो. त्यामुळे अशा बॉयलरची जलचाचणी घेण्याची आणि तिची नोंद ठेवण्याची जबाबदारी येथे बांधणाऱ्यावरच येते.